वाचलेली दोन बटणं

हे पान छपाईआधी तपासणाऱ्याला एक सूचना. अगदी शेवटच्या वाक्यात एका शब्दाची वेलांटी चुकलेली दिसेल. ती चुकलेली नाही. तिला हात लावू नये. हल्ली छापखान्यात मुद्रितशोधक नसतात, यंत्र असतं आणि ते न विचारता सुधारतं, म्हणून आधीच सांगून ठेवतो. सांगूनही कुणी सुधारलंच, तर गाठ माझ्याशी आहे.

मी रत्नाकर वेल्हाळ, राहणार सांगली. चौतीस वर्षं मुद्रितशोधक होतो. म्हणजे छापायला जाणारा मजकूर वाचायचा आणि त्यातल्या चुका लाल पेनने काढायच्या. लग्नपत्रिका म्हणू नका, शाळेची पुस्तकं म्हणू नका, सगळं माझ्या हाताखालून गेलं. हॉटेलात जेवायला बसलो तरी मेनूकार्डावर माझं पेन चालायचं. बायको म्हणायची, “तुम्ही स्वर्गात गेलात तरी आधी दारावरची पाटी सुधाराल.” ती जाऊन आता बारा वर्षं झाली. मूलबाळ नाही. मागे उरली एक बहीण, माझ्याहून चार वर्षांनी धाकटी. चारुशीला. घरात चारू.

चारू अकोल्याच्या कोर्टात टंकलेखक होती. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, “दिवसभर दुसऱ्यांची भांडणं टाइप करते, घरी स्वतःचं कशाला आणू?” बोटं अशी चालायची की वकील थांबले तरी ती थांबत नसे. पण शुद्धलेखन! माझी सख्खी बहीण आणि ‘आणि’ हा शब्द जन्मभर ‘आणी’ असा लिहीत आली. मी चिडून लिहायचो, “ऱ्हस्व गं बाई, ऱ्हस्व!” तिचं उत्तर ठरलेलं. “दादा, कोर्टात जन्मठेप ऱ्हस्वानेही होते आणी दीर्घानेही.”

हे सगळं लिहूनच चालायचं, कारण पंचावन्नाव्या वर्षी एका तापात चारूचे कान गेले. नसच गेली, यंत्र लावून उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले. व्हिडिओवर बोलू म्हटलं तर म्हणाली, “आवाजाशिवाय तुझं थोबाड बघून काय करू?” मग दिवसाला शंभर शंभर मेसेज. सकाळचा चहा, दुपारची भाजी, कोण मेलं, कोण निवडून आलं. दोघांच्या घरी एकच वर्तमानपत्र यायचं. त्यातल्या शब्दकोड्याचे आडवे शब्द तिचे, उभे माझे. माझं घर रिकामं होतं, पण खिशात चारू असायची. खरं सांगतो, मला एकटं असं कधी वाटलंच नाही.

आणखी एक सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडकलं आहे. घरातून निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, हा आमच्या आईचा कायदा होता. निघणारीने ‘येते’ म्हणायचं आणि घरातल्याने ‘ये’ म्हणायचं. सहा वर्षांची चारू एकदा “मी जाते” म्हणून शाळेला निघाली, तर आईने तिला अर्ध्या रस्त्यातून परत आणलं आणि उंबऱ्यात उभं करून “येते” म्हणायला लावलं. ते तिच्या जे डोक्यात बसलं ते बसलं. मेसेज संपवतानाही ती लिहायची, ‘येते.’ मी लिहायचो, ‘ये.’ दिवसातून तीन-चार वेळा तरी हे व्हायचंच.

तीन वर्षांपूर्वी भाऊबीजेला ती सांगलीला आली, तेव्हा तिचा जुना फोन मरायला टेकला होता. ओवाळणीत मी नवा फोन द्यायचा ठरवला. ओवाळून झालं, निरांजन तिने पुसून पिशवीत ठेवलं आणि आम्ही दुकानात गेलो.

आता कीबोर्डचा फोन मिळणं सोपं राहिलेलं नाही. लोकांनी टाइप करणं सोडून दिलं आहे. कानामागे एक टिकली चिकटवायची, ओठातल्या ओठात पुटपुटायचं, की मेसेज गेला. चारूला ते जमत नव्हतं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने तिचे उच्चार बिघडले होते आणि टिकलीला ते कळत नव्हते. शिवाय ती म्हणायची, “मी तीस वर्षं बोटांनी बोलले, आता तोंडाने कशाला?”

दुकान शबाना मुजावर नावाच्या बाईंचं. पन्नाशीच्या, स्पष्टवक्त्या. त्यांनी काउंटरवर दोन फोन ठेवले. समोरचा बोलेल ते चारूच्या जुन्या फोनवर अक्षरांत उमटायचं, त्यामुळे तिला सगळं कळत होतं.

“दोनच आहेत, काकू. हा खरी बटणं असलेला. जाड आहे, दिसायला ठोकळा आहे, पण दाबाल तेच लिहितो. आणि ही सुलेखा.”

चारूने ठोकळा उचलला. खट खट खट. तिचा चेहरा असा खुलला की काय सांगू. “दादा, टाइपरायटर!” ती केवढ्याने तरी ओरडली. तिला आवाजाचा अंदाज नसायचा. तिने टाइप केलं, ‘दादा आणी मी दुकानात आहोत.’

“बघा,” मी म्हणालो. “ह्याने जसंच्या तसं ठेवलं.”

मग सुलेखा. साधी काच, पण बोट जवळ नेलं की काचेखालच्या बारीक द्रवाच्या थैल्या फुगायच्या आणि काच तिथे बटणासारखी वर यायची. बोटाला खरं बटण दाबल्यासारखं वाटायचं. शबानाबाईंनी समजावून सांगितलं. “काका, ही नुसतं अक्षर बघत नाही. बोट किती जोरात पडलं, किती वेळ टेकलं, एका बटणावरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागला, सगळं मोजते. आणि काकूंनी आजवर काय काय लिहिलंय तेही वाचून ठेवते. त्यावरून त्यांना काय म्हणायचंय याचा अंदाज बांधते. चुकलेलं सुधारते, अर्धं राहिलेलं पूर्ण करते. हात थकला की ती जास्त काम करते. जितकं वापराल तितकं कमी टाइप करावं लागेल.”

चारूने तेच वाक्य पुन्हा टाइप केलं. पडद्यावर उमटलं, ‘दादा आणि मी दुकानात आहोत.’ ऱ्हस्व. मी टाळी वाजवली हो! भर दुकानात.

“मला ठोकळाच दे,” चारू म्हणाली. “ही बया माझ्या बोलण्यात तोंड घालते.”

“खुळी आहेस का तू? एवढी चांगली सोय सोडून तो ठोकळा वागवणार?”

शबानाबाई म्हणाल्या, “काका, वापरायचा त्यांना आहे. त्यांना काय बरं वाटतंय ते बघा.”

“अहो, तिला काय कळतंय? चाळीस वर्षं झाली ‘आणी’ वाचतोय मी,” मी म्हणालो. चारूच्या फोनवर ते उमटलं. तिने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि हसली. “घे बाबा. तुझी ओवाळणी, तुझी निवड.”

दोन दिवसांनी अकोल्याला पोचल्यावर तिचा पहिला मेसेज आला. ‘दादा, सुखरूप पोचले. ही सुलेखा हुशार निघाली हं. नुसतं ‘ये’ दाबलं की ‘येते’ आपलं आपणच होतं. दोन बटणं वाचली! येते.’

‘ये,’ मी लिहिलं. आणि एकही चूक नसलेला तो मेसेज मी पुन्हा पुन्हा वाचला.

पुढचं वर्ष माझ्या मते फार छान गेलं. चारूचे मेसेज इतके स्वच्छ, की मी ते छापायला दिले असते. मी तिचं कौतुक केलं. ती लिहायची, ‘कौतुक सुलेखाचं कर.’

त्याच्या पुढच्या श्रावणात एकदा सकाळी तिचा मेसेज आला. ‘दादा, मला शब्द सापडत नाहीत.’

समोर कोडं उघडं होतं. मी लिहिलं, ‘आडवे की उभे?’

बराच वेळ उत्तर नाही. मग आलं, ‘दोन्ही.’

‘मग चष्मा बदल,’ मी लिहिलं आणि सतरा उभा शोधायला लागलो.

त्या भाऊबीजेला ती आली नाही. गुडघे कुरकुर करतात, पुढच्या वर्षी नक्की, असं लिहिलं होतं. मीही त्याच सुमाराला खुब्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं, त्यामुळे जाणं झालं नाही. ती कोडं सोडवेनाशी झाली. मी विचारलं तर ‘कंटाळा आला’ म्हणाली. मलाही खरं वाटलं. हळूहळू मेसेज आखूड झाले. ‘मी बरी आहे. तू जेवलास का? येते.’ तेच सकाळी, तेच दुपारी. थट्टा कमी झाली, भांडण तर बंदच झालं. मला वाटलं, वय झालं, माणूस मऊ होतं. चौतीस वर्षं ओळीओळीत चूक शोधणारा मी. चूक दिसत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरून बसलो.

पुढच्या उन्हाळ्यात नुसतं ‘येते’ यायला लागलं. आधी काही नाही, नंतर काही नाही. ‘येते.’ मी ‘ये’ लिहायचो. तासाभराने परत ‘येते.’ परत ‘ये.’ मला गंमत वाटायची. एका मंगळवारी मात्र माझा खुबा ठणकत होता, लाइट गेली होती, आणि दुपारपर्यंत नऊ वेळा ‘येते’ आलं. मी वैतागून लिहिलं, ‘अगं सकाळपासून नऊ वेळा निघालीस! एकदाची जा की!’

त्यानंतर फोन गप्प झाला.

बुधवारी मी ‘रागावलीस का?’ विचारलं. गुरुवारी माफी मागितली. उत्तर नाही. शुक्रवारी सकाळी तिच्या शेजारी राहणाऱ्या कांचन इंगोले यांना फोन लावला. त्यांचा नंबर माझ्याकडे अडीअडचणीसाठी होता.

“दादा, मीच करणार होती तुम्हाले फोन,” त्या म्हणाल्या. “ताईचं काही बरं दिसून नाही राहिलं. बोलूनच नाही राहिल्या. आधी मले वाटे, ऐकू येत नाही म्हणून बोलत नसतील. आन् त्यांचे मेसेज तर चांगले येत मले, ‘मी बरी आहे’ म्हणून. पण आता चार दिस झाले, धड जेवल्या बी नाहीत. तुम्ही या बाप्पा.”

मी शनिवारी दुपारी अकोल्याला पोचलो. दार उघडंच होतं. चारू दाराकडे तोंड करून खुर्चीत बसली होती. निम्मी झाली होती. केस विंचरलेले होते, पण ब्लाउज उलटा होता. मला बघितलं आणि तिचे डोळे भरून आले.

“ये,” ती म्हणाली. “ये. ये. ये.”

तिच्याशी बोलायला घरात ठेवलेल्या पाटीवर मी लिहिलं, ‘काय झालं चारू?’ तिने वाचलं की नाही कळेना. तोंड उघडलं, मिटलं, हाताने हवेत काहीतरी चाचपलं. “ते,” म्हणाली. “ते... ये.” आणि कपाळावर हात मारून घेतला.

मग तिने मांडीवरचा फोन घेतला, मला दाखवायला. मी शेजारी बसून बघत होतो. तिचं बोट काचेवर शोधत फिरलं. ‘य’ दाबलं. मग मात्रा दाबली. ‘ये.’ तिने बोट उचललं. आणि माझ्या डोळ्यांदेखत पडद्यावर त्या ‘ये’ला ‘ते’ चिकटलं, पुढे पूर्णविराम पडला आणि मेसेज निघून गेला. माझ्या खिशातला फोन वाजला. मला काढून बघायची गरज नव्हती.

ती निरोप घेत नव्हती. ती मला बोलावत होती.

आणि मी तिला काय लिहीत होतो? ‘ये.’

कांचनताई दारात उभ्या होत्या. खुर्चीपाशी एक बॅग होती, तिच्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “रोज ही बॅग घेऊन खाली येत. फाटकापाशी उभ्या राहत घंटाभर. कुठं चालल्या विचारलं, का फोन दाखवत. त्यावर ‘ये’ लिहिलेलं. मले वाटे, भावाकडं चालल्या. मग गाडी येई ना काही, मीच हात धरून वर आणी. या मंगळवारपासून खाली आल्याच नाहीत.”

मंगळवारी मी ‘जा’ लिहिलं होतं. तिच्यात बॅग उघडायचीही ताकद उरली नव्हती. मी उघडली. आत दोन साड्या, तिच्या गोळ्या आणि भाऊबीजेचं निरांजन होतं.

मी तिला घेऊन आलो. मिरजेला डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, पण सांगताना घाई केली नाही.

“मेंदूत शब्द सांभाळणारा एक भाग असतो, तो झिजतोय. आठवणी सुरुवातीला शाबूत राहतात. माणसं ओळखू येतात, दुःख कळतं, भूक कळते. फक्त त्या सगळ्याला शब्द मिळत नाहीत. गेल्या काही वर्षांत यावर औषध निघालंय. ते झीज जिथे आहे तिथे थांबवतं. गेलेलं परत आणत नाही. म्हणून लवकर कळणं महत्त्वाचं. हल्ली आम्हाला हा आजार बहुतेक वेळा टायपिंगवरूनच कळतो. मेंदूच्या तपासणीत दिसायच्या कितीतरी आधी बोटांची लय बदलते, शब्द चुकायला लागतात. तुमच्याशी त्या मेसेजवर बोलायच्या ना? चुका वाढल्या नव्हत्या का?”

“नाही,” मी म्हणालो. “कमी झाल्या होत्या.”

त्यांनी औषधाचा कागद पुढे ओढला. मग म्हणाल्या, “औषध सुरू करू. पण एवढ्या उशिरा ते किती पकड धरेल, सांगता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी मी सुलेखा घेऊन शबानाबाईंच्या दुकानात गेलो. झालं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “शिकण्यासाठी ही मूळ बोटांची नोंद आत ठेवते. माणसाने खरोखर काय दाबलं, ते सगळं. हवं का?”

“छापून द्या,” मी म्हणालो. “मला कागदावरच वाचता येतं.”

दोनशे चौदा पानं निघाली. घरी येऊन टेबलाशी बसलो, सवयीने लाल पेन काढलं, टोपण उघडलं. पहिल्याच पानावर ‘आणी’. दुसऱ्या पानावर ‘आणी’. ती कधी सुधारलीच नव्हती. प्रत्येक वेळी तिने दीर्घच दाबलं होतं आणि त्या बयेने ऱ्हस्व करून मला पाठवलं होतं. माझी चारू तिथे होती, त्या कागदांवर. मी पेनचं टोपण लावलं आणि ढसाढसा रडलो.

मग पुढे वाचलं. पन्नासाव्या पानापासून अक्षरं इकडची तिकडे व्हायला लागली. मला आलेल्या मेसेजमध्ये ‘झारा’ होता, तिने दाबलं होतं ‘ते पुरी काढायचं भोकाचं’. मला ‘गुडघे कुरकुर करतात’ असं आलं होतं, तिने दाबलं होतं ‘गु कु’. बाकीचं जुन्या मेसेजमधून उचललेलं. ‘पुढच्या वर्षी नक्की’ तर तिने दाबलंच नव्हतं.

‘मला शब्द सापडत नाहीत’ मात्र सगळंच्या सगळं तिचं होतं. त्या वाक्याला तिला सहा मिनिटं लागली होती, शेजारी वेळ छापलेली होती. सहा मिनिटं शोधून शोधून तिने मला खरं तेच सांगितलं होतं. यंत्राने त्यात काही केलं नाही. त्याचं कोडं केलं ते मीच.

शेवटच्या चाळीस पानांवर ‘ये’ सोडून जवळजवळ काही नव्हतं. पहिला ‘ये’ मेच्या सुरुवातीचा, ‘दादा ये’ असा. नंतर ‘दादा’ही गेला.

मी परत दुकानात गेलो. शबानाबाई आत गेल्या आणि तो ठोकळा घेऊन आल्या. अडीच वर्षं तो कुणी घेतलाच नव्हता. धूळ पुसून त्यांनी माझ्या हातात दिला.

“हा काहीसुद्धा सुधारत नाही ना?” मी विचारलं.

“काहीसुद्धा नाही, काका.”

चारू माझ्याकडे आठ महिने राहिली. औषधाने पहिले काही महिने पकड धरल्यासारखं वाटलं. तिच्याकडे दहा-बारा शब्द उरले होते. चहा, नको, आई, दादा, असे. ठोकळ्याची बटणं तिला फार आवडली. उगीचच खटखट करत बसायची. मी भाजी आणायला बाहेर पडलो, की दहा मिनिटांत खिशात फोन वाजायचा. ‘ये’. पुढे काही नाही, टिंबसुद्धा नाही. मी लगेच लिहायचो, ‘येतो.’ आणि हातातली भाजी तशीच ठेवून निघायचो. भाजीवाली म्हणायची, “काका, रोज अर्ध्यातनंच पळतायसा. कुणाचं एवढं बोलावणं येतंय?”

“बहिणीचं,” मी सांगायचो. सांगताना बरं वाटायचं.

पण औषध उशिराच सुरू झालं होतं. दिवाळीनंतर पकड सुटली. शब्द गेले, मग गिळणं अवघड झालं. डॉक्टर बाईंनी आधीच सांगितलं होतं की अन्नाचा कण छातीत जाईल आणि न्यूमोनिया होईल. तसंच झालं. माघात तिला दवाखान्यात ठेवलं. नाकावर मुखवटा, हाताला सुया. ठोकळा मात्र सोडेना. सिस्टर म्हणाल्या, “राहू दे, त्याने त्या शांत राहतात.”

सातव्या दिवशी दुपारी ती जागी होती. खिडकीतून ऊन आलं होतं. मी शेजारी स्टुलावर. तिचा अंगठा बटणांवर सरकला.

खट. खट.

‘ये’ असणार, मला माहीत होतं. मी वाकून तिचा हात धरला. “अगं, आलोय गं मी. इथेच आहे.” तिला ऐकू येत नाही हे विसरून बोललो. तिने हात हळूच सोडवून घेतला. दम लागला होता. थोडा वेळ थांबली. मग पुन्हा अंगठा शोधत गेला.

खट.

मी तिच्या अंगठ्याकडे बघत राहिलो.

खट.

माझ्या खिशातला फोन वाजला. मी तो काढला. त्यावर होतं, ‘येते’.

ठोकळा काही जोडत नव्हता. काही सुधारत नव्हता. चारही बटणं तिची होती.

मला ‘नको’ लिहायचं होतं. ‘जाऊ नकोस’ लिहायचं होतं. ‘चुकलो गं’ लिहायचं होतं, तेही शंभर वेळा. पण ती उंबऱ्यात उभी होती, आईने उभी केली होती तशी, आणि घरातल्याने काय म्हणायचं ते ठरलेलं होतं. मी डोळे पुसले आणि ‘ये’ लिहिलं.

फोन तिच्या हातात थरथरला, तिने तो डोळ्यांजवळ नेऊन वाचला, माझ्याकडे बघून मान हलवली आणी डोळे मिटले.